बहरात काढलेला फोटो

१४ फेब्रुवारी २०१३, गुरुवार

एक सोडून सगळे फोटो हलले! मी स्थिर, हात स्थिर, श्वाससुद्धा धरून ठेवलेला — तरी हलले. मग नीट पाहिलं तर कळलं, मधमाशी येऊन बसली की फूलच खाली वाकतं. उगाच स्वतःच्या हाताला दोष देत होते.

दादानं नवा फोन घेतला म्हणून जुना कॅमेरा मला दिला, संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा. म्हणाला, तुला फुलांची हौस आहे, घे. हौस होती ती दारात लावायची. यंदा जास्वंदीला पाणी कुठून आणू? प्यायचं पाणी टँकरनं येतं, तेही चार दिवसांनी, आणि त्यातही भांडणं. म्हणून जी फुलं आपल्याकडे पाणी मागत नाहीत त्यांच्यामागे लागले. डोंगराच्या उतारावरची काटेसावर. पळस. पानं एक नाही अंगावर, पण फुलायचं मात्र थांबत नाहीत.

आणि आमची मोसंबी! अशी फुललेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नाही. मोसंबीला हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग एकदम पाणी सोडलं की ती फुटते. याला ताण देणं म्हणतात. यंदा ताण आम्ही दिलाच नाही, विहिरीनं दिला. जानेवारीत जरा झरा आला, तेवढं पाणी आप्पांनी सोडलं आणि बागेला वेड लागल्यासारखं झालं. पानं कमी, फुलं जास्त. वास तर असा की डोकं जड होतं. पंचक्रोशीत अशी दुसरी कुठली बाग फुललेली नाही, त्यामुळे सगळ्या माश्या आमच्याकडे मुक्कामाला.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कॅमेरा पाहून म्हणाले, फुलाचा फोटू काढून काय करायचं, फळाचा काढ. मी म्हटलं, फळ येईपर्यंत कॅमेरा टिकला तर काढीन. हसले नाहीत.

१७ फेब्रुवारी, रविवार

चारचौघांत मी "हे" म्हणते, "आमचे हे". वहीत नाव लिहायला कुणाच्या बापाची भीती? बद्रीनाथ. बद्रीनाथ, बद्रीनाथ! लिहिताना मजा वाटली.

तर बद्रीनाथ आज सोसायटीतून एक कागद घेऊन आले. ते फळबाग सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. आसपासच्या पाच-सहा गावांचे मोसंबीवाले तिचे सभासद. कागदावर लिहिलंय की यंदा बहार धरू नका, फुलं पाडून टाका, फांद्या छाटा, बुडाशी उसाचं पाचट पसरा, झाड जगवा. खरंच आहे ते. फळ पोसायला पाणी लागतं. पाणी नसलं की झाड स्वतःच्या अंगातलं देतं आणि वाळून जातं. बद्रीनाथ म्हणतात, झाडाला कळतं आपण मरणार, म्हणून ते एवढं फुलतं. बी टाकायची घाई असते त्याला.

हे ऐकल्यापासून फोटो काढताना हात जरा अडखळतो.

आप्पांनी कागद ऐकून घेतला आणि सांगून टाकलं, फुलात आलेल्या झाडाला हात लावायचा नाही. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, आपण याच बागेची पूजा केली, ओटी भरली. ओटी भरलेल्या बाईला कुणी मारतं का? बद्रीनाथांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. या घरात दोन पुरुष आहेत आणि दोघं मिळून दिवसाला दहा वाक्यं बोलतात. बाकीची मला बोलावी लागतात.

सोसायटीचं कामही सोपं नाही. गेल्या वर्षी खताची टंचाई होती, तेव्हा आमच्या घरी दोन पोती आली. रांगेत उभं राहून आणलेली! तरी सभासद बबनरावांनी भर सभेत विचारलं — सेक्रेटरीच्या घरी खत आपल्या पायानं चालत जातं का? लोक पोट धरून हसले. आप्पा तिथेच बसले होते. बद्रीनाथ पुढे कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत. बबनराव म्हणजे एकदा चिकटले की गोचीड.

१९ फेब्रुवारी

पळसाचा फोटो चांगला आला. मागे निळं आभाळ, ढगाचा ठिपका नाही. फोटोला चांगलं, बाकी कशालाच नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सोसायटीनं ठरवलं — बागा जगवायला दोन टँकर लावायचे. फळासाठी नाही, फक्त मुळं ओली राहायला. सगळ्यांना एकदम पुरणार नाही. ज्याची बाग जास्त मरणाला टेकली, त्याचा नंबर आधी. सोसायटीच्या समितीतली माणसं वेगवेगळ्या गावची. प्रत्येक बाग पाहत हिंडत बसले तर तोवर झाडं सरणाला जातील. म्हणून प्रत्येकानं बागेचे फोटो द्यायचे, फोटो पाहून समिती नंबर लावणार.

बद्रीनाथ जेवताना म्हणाले, आपल्या गावचे फोटो तूच काढ. माझ्या ताटातला घास तसाच राहिला. इतके दिवस मी कॅमेरा पदराखाली लपवून नेत होते, बायका हसतात म्हणून. आता सोसायटीचं काम!

२४ फेब्रुवारी, रविवार

दमले. पण आजचं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी निरोप गेला की विमलबाई फोटो काढायला येणार. झालं! पहिल्या बागेत गेले तर घरची सगळी मंडळी नवे कपडे घालून ओळीनं उभी. म्हातारा मध्ये खुर्चीवर. मी म्हटलं, अहो झाडांचा काढायचाय. म्हणाले, झाडं मागं हायेतच की. दुसऱ्या बागेत वाळलेल्या फांद्या तोडून, झाडून लोटून, पार लग्नाच्या मांडवासारखं करून ठेवलेलं. एकानं तर शेजारच्या मळ्यातून हिरव्या डहाळ्या आणून पुढे खोवल्या होत्या. त्याला मी विचारलं, अरे पाणी पाहिजे की नको? तेव्हा तो लाजला आणि डहाळ्या काढल्या.

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे फोटो लग्नात काढतात, बारशात काढतात. फोटो म्हणजे सणच. घरी पाव्हणा येणार म्हटल्यावर फाटकी वाकळ आपण आत टाकतो. दुष्काळ दाखवायचा म्हणजे ती वाकळ दारात पसरायची.

सगळ्यांत जड गेलं छबुबाईच्या बागेत. छबुबाई विधवा, एकटीनं बाग केली. तिच्या झाडांना फुलंही नाहीत, नुसते खराटे. ती मुलीच्या लग्नातलं जरीकाठी लुगडं नेसून उभी होती, कपाळाला बुक्का लावून. मी समजावलं, छबुबाई, दुष्काळाचा फोटो आहे, लुगडं बदला. ती म्हणाली,

"मेल्या माणसाला बी आंगुळ घालून नेत्यात, माय. मंग जित्या झाडाला असंच का म्हून दाखवू?"

तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी ती आत जाऊन रोजचं विटकं लुगडं नेसून आली आणि झाडाच्या बुडाशी बसली. मी म्हटलं नव्हतं बस म्हणून. पाय थकले म्हणून बसली असेल. तो फोटो काढताना मला स्वतःचीच चीड आली. कुणाचं तरी दार उघडून आत डोकावल्यासारखं वाटलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज आमची बाग.

आप्पा पहाटेच गेले होते. मी न्याहारी घेऊन पोचले तर पुढची ओळ झाडून चकचकीत, आणि विहिरीच्या तळाला जे चार घागरी पाणी साचतं ते सगळं त्याच ओळीला घातलेलं. पानं तरतरीत! आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, डोक्याला पागोटं नव्हे, फेटा. तांबडा. देवाच्या लग्नाला निघाल्यासारखे! मला हसू आवरेना. सगळ्या गावाला मी शहाणपण शिकवून आले आणि आमच्याच घरी नवरदेव.

मी म्हटलं, आप्पा, मागच्या ओळींचे काढूया. तिथे खरं दिसतं. पानं वळून गेलीत, साली तडकल्यात, भुईला हात जाईल अशा भेगा. आप्पा म्हणाले, मागं जायचं न्हाई. हितं काढ. जागासुद्धा त्यांनीच ठरवली. इकडून बघ, तिकडून बघ, डोंगर मागे येऊ दे, वाळलेलं काही दिसू देऊ नको.

मी वाद घालायला हवा होता. पण सकाळचं ऊन तिरकं येत होतं आणि एकेक पाकळी आतून उजळल्यासारखी दिसत होती. दव नाही, धूळ नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बाकीचं जग विसरले, हे खरंय. फांदीच्या टोकाला पाच कळ्या आणि एक उमललेलं फूल, मागे पुसट आप्पांचा तांबडा फेटा. मग आप्पांचा उभा फोटो, दोन्ही बाजूंना फुलांचे घोस. एकही हलला नाही! माश्यासुद्धा आज शहाण्यासारख्या बसल्या.

आयुष्यात एवढं चांगलं काही माझ्या हातून झालं नसेल. स्वयंपाक धरून.

२ मार्च, शनिवार

तेलगावच्या स्टुडिओतून फोटो छापून आले. स्टुडिओवाला म्हणे विचारत होता, ही बाग कुठली, पुण्याकडची का? मी दोनदा विचारून घेतलं बद्रीनाथांना, नेमकं काय म्हणाला ते.

६ मार्च, बुधवार

शेवटचा नंबर. आमचा शेवटचा!

समिती बसली होती. पहिला नंबर छबुबाईचा, मग बाकीचे, आणि सगळ्यांच्या शेवटी आम्ही. चेअरमन सुंदररावांनी म्हणे आमचा फोटो हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. सेक्रेटरी, तुमच्या बागेला पाणी कशाला, हार घाला! सगळे हसले. बबनरावांनीसुद्धा फोटो पाहून मान डोलावली.

मी विचारलं, आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात? बद्रीनाथ चपला काढत होते. म्हणाले, फोटोच बोलला, मी काय बोलणार. अहो पण तुम्हाला माहीत नाही का आपली बाग? रोज जाता तिथे! त्यांनी हातपाय धुतले (अर्ध्या तांब्यात) आणि जेवायला बसले.

एका तोंडी शब्दानं बाग वाचली असती. सांगायचं फक्त, की फोटो पुढच्या ओळीचा आहे, मागे चला, बघा. एवढं भित्रं असावं का माणसानं?

७ मार्च

नवऱ्याला नावं ठेवून झाली. आता माझी पाळी.

गावभर सांगत फिरले, खरं दाखवा, खरं दाखवा. स्वतःच्या बागेत गेल्यावर मला खरं नको होतं, फूल पाहिजे होतं. फोटो चांगला यावा ही हौस. आप्पांची हौस फेट्याची, माझी कॅमेऱ्याची. दोघांच्या हौसेत झाडं मरणार. आप्पांना तरी वयाची सबब आहे.

कॅमेरा कपाटात ठेवला.

१० मार्च, महाशिवरात्र

आज जे पाहिलं ते पटकन विसरणार नाही.

फराळाचं घेऊन मळ्यात गेले तर आप्पा फुलं पाडत होते. आप्पा! ओटी भरलेल्या झाडाला हात लावायचा नाही म्हणणारे. काठीला जुनं धोतर गुंडाळलं होतं, फांदीला लागू नये म्हणून. हलक्या हातानं मारायचं, मग वरची राहिलेली बोटांनी खुडायची. पहाटेपासून लागले असावेत, कारण अर्धी बाग झाली होती. जमीन पांढरी झाली होती आणि वास नेहमीपेक्षा जास्त. माश्या जमिनीवर पडलेल्या फुलांवरच फिरत होत्या.

मी विचारलं, आज कसं काय? म्हणाले, आता पाडायला पायजे. मी म्हटलं, आधी पाडली असती तर झाडांना तेवढा आधार मिळाला असता, महिना गेला. ते म्हणाले, आधी पाडायची नव्हती. एवढंच. पुन्हा काठी उचलली.

म्हाताऱ्याचं डोकं मला कधी कळलं नाही. आज राग यायला हवा होता, पण त्यांची मान वर करकरून अवघडलेली बघून रडू आलं. मी पदर खोचला आणि खालच्या फांद्यांची फुलं खुडायला लागले. आधी एकेक, मग ओंजळ भरून. कळ्या टचकन तुटतात. ज्या फांदीचा फोटो काढला होता, ती मला ओळखू आली. तिची फुलं मी आप्पांना पाडू दिली, मी नाही पाडली.

उपास होता, पण संध्याकाळी फराळ गेला नाही.

१५ मार्च, शुक्रवार

छबुबाईच्या बागेत टँकर आला. मला बोलावणं होतं. ती प्रत्येक झाडाच्या आळ्यात पाईप धरून उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, तोंडावर हसू मावत नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, तुझ्यामुळं झालं माय, तू मला जुनं लुगडं नेसाया लावलं.

मी हसले. पण मला तिचा हेवा वाटला. इतका, की तिथे उभं राहवेना. लिहून टाकते, म्हणजे आत सडणार नाही.

१८ मार्च, सोमवार

कॅमेरा पुन्हा काढला. आप्पा धारूरच्या बाजाराला गेले होते, तेवढ्या वेळात मागच्या ओळींचे फोटो काढले. वळलेली पानं. साल उकलून आतलं पिवळं लाकूड दिसणारं खोड. विहिरीचा तळ, त्यात पडलेलं कासरा बांधलेलं डबडं. एका झाडावर आम्ही पाडायला विसरलेलं एकच फूल होतं. त्याचा नाही काढला. आता मला अक्कल आलीय.

छापून आणायला भाचा तेलगावला चालला होता, त्याच्याकडे दिले.

२१ मार्च, गुरुवार

फोटो बद्रीनाथांच्या हातात दिले. म्हटलं, सुंदररावांना दाखवा, नंबर बदलून घ्या. चूक माझी होती म्हणून सांगा, बायकोला कळलं नाही म्हणा, हवं तर वेडी म्हणा. त्यांनी एकेक फोटो बराच वेळ पाहिला. खोडाचा फोटो तर दोनदा. मग पाकीट बॅगेत ठेवलं आणि म्हणाले, बघतो.

"बघतो" हा शब्द मला आवडत नाही. पण बॅगेत ठेवले तरी.

२६ मार्च, होळी

पळसाची फुलं भिजवून रंग करावा म्हटलं, तर भिजवायला पाणी कुठाय. यंदा गावात रंग नाहीच. बरंच झालं, कपडे धुवायला नकोत!

बद्रीनाथांना विचारलं, दाखवले का? म्हणाले, सुंदरराव बीडला गेलेत.

३० मार्च

सुंदरराव अजून बीडलाच आहेत वाटतं.

४ एप्रिल, गुरुवार

मागच्या जुन्या ओळी गेल्या. आप्पांनी नखानं साल खरवडून पाहिली, एकेका झाडाची, आतून हिरवं दिसतंय का. नाही दिसलं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी लावलेली ही झाडं. कावड नव्हती, डोक्यावरून घागरी नेल्या होत्या सासूबाईंनी आणि मी. माझ्या हातचं पाणी प्यायलेली झाडं आहेत ती. नव्या ओळींत जीव आहे, फुलं पाडल्यामुळे आणि पाचटामुळे असेल. अर्धी बाग राहील. अर्धी!

आप्पा कुऱ्हाडीला माणूस बोलवू देत नाहीत. म्हणाले, पाऊस पडल्यावर बघू, येखादं फुटतंय बी.

६ एप्रिल, शनिवार

आज सुंदरराव स्वतः आले. पुढच्या आठवड्यात आमचा नंबर, टँकर कुठून वळवायचा ते पाहायला. पुढच्या ओळीपर्यंत बोलत बोलत आले, आणि पुढे त्यांचं बोलणं थांबलं. मेलेल्या ओळींतून ते शेवटच्या बांधापर्यंत गेले आणि परत आले. टोपी काढून हातात घेतली होती.

मी चहा घेऊन गेले होते. राहवलं नाही, म्हणून विचारलं, दुसरे फोटो पाहिले होते ना तुम्ही? ते म्हणाले, कोणते? मी सांगितलं. ते बद्रीनाथांकडे वळले.

"सेक्रेटरी, एवढी बाग जळाली अन् तुमी तोंड उघडलं न्हाई?"

बद्रीनाथांनी कपबशी उचलून त्यांच्यापुढे धरली. आप्पांनीच मग चहा घ्या, निवतोय म्हणून विषय मोडला.

सुंदरराव गेल्यावर मी बॅग उघडली. पाकीट तसंच होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर शेजारीपाजारी जमले असते.

७ एप्रिल, रविवार

आज बोलले. दोघांनाही ताटावर बसवून, वाढायच्या आधी. बद्रीनाथांना विचारलं, बाग मरताना दिसत होती, फोटो बॅगेत होते, मग का नाही दिले? त्यांच्याऐवजी आप्पा बोलले. एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"खरा फोटू गेला असता तर पयला नंबर आपलाच लागत व्हता. मंग बबनराव पुन्ना भर सभेत म्हनला असता, सेक्रेटरीच्या घरी पानी चालत जातंय. माझ्या पोराला तितं दुसऱ्यांदा मान खाली घालाया लावू का मी? म्हनून फेटा बांधला, म्हनून नंबर लागंस्तवर फुलं ठिवली."

मी बद्रीनाथांकडे पाहिलं. ते म्हणाले, समितीत फोटो हातात आला तेव्हाच मला कळलं, आप्पांनी काय केलंय ते. त्यांनी एवढं केल्यावर मी दुसरे फोटो समितीपुढे कसे ठेवू?

म्हणजे बापानं लेकाला सांगितलं, लेकाला समजलं, आणि मधे एक शब्द नाही. सगळं माझ्या कॅमेऱ्यातून. आणि मी महिनाभर स्वतःला खात बसले! मला आधी विचारलं असतं तरी मी तोच फोटो काढला असता. तसाच, फेट्यासकट.

पण विचारायला पाहिजे होतं.